रियाज, उस्ताद आणि पोटरीतला गोळा

जर्मन भाषेत एका आजाराचं बोलीतलं नाव आहे 'दुकानाच्या काचेचा आजार'. शेजारचे डच लोक त्यालाच 'दुकानाच्या काचेचे पाय' म्हणतात. माणूस रस्त्याने चालत असतो, शे-दोनशे पावलांवर त्याच्या पोटरीत गोळा येतो आणि पुढे पाऊल टाकवत नाही. भर रस्त्यात उगाच उभं राहिलं तर लोक बघतील, म्हणून तो जवळच्या दुकानाच्या काचेत मांडलेला माल पाहत असल्याचं दाखवतो. दोन-तीन मिनिटांत कळ थांबते, तो पुन्हा चालू लागतो आणि पुढच्या काचेपाशी पुन्हा थांबतो.

आपल्याकडे काचेऐवजी पानटपरी असते, मशिदीसमोरचा कट्टा असतो, नाहीतर ओळखीच्या माणसाशी लांबवलेली सलाम-दुआ असते. वयस्कर माणसं हे दुखणं फार सफाईने लपवतात. विचारलंच तर एकच उत्तर मिळतं, 'आता उमर झाली.' मग हळूहळू बाजार सुटतो, जुम्माची नमाज सोडून बाकीच्या नमाजा घरी होऊ लागतात, नातेवाइकांकडे जाणं बंद होतं. खुर्ची आणि पलंग एवढंच जग उरतं. आणि घरातले प्रेमाने म्हणतात, 'बसा ना आब्बा, कशाला चालता?'

या आजारावर सगळ्यांत जुन्या आणि सगळ्यांत चांगल्या तपासलेल्या उपायांपैकी एक उपाय बरोबर याच्या उलटा आहे. चालायचं, तेही दुखेपर्यंत आणि कुणाच्या तरी देखरेखीखाली. मी डॉक्टर नाही. उर्दू आणि मराठी शिकवणारा शिक्षक आहे. पण या उपायाचा इतिहास वाचताना मला तो वैद्यकापेक्षा शिक्षणाचा इतिहास जास्त वाटला. म्हणून हा लेख.

घोड्यापासून सुरुवात

आधी आजार समजून घेऊ. हृदयातून निघालेलं रक्त धमन्यांमधून पायांपर्यंत येतं. धमनीच्या आतल्या बाजूला वर्षानुवर्षं चरबीचा थर साचत गेला की वाट अरुंद होते. बसलेलं असताना स्नायूला रक्त कमी लागतं, तेवढं अरुंद वाटेनेही पोचतं. चालायला लागलं की पोटरीच्या स्नायूला कितीतरी जास्त रक्त हवं असतं आणि ते पोचत नाही. स्नायू उपाशी पडतो, कळ येते. थांबलं की मागणी कमी होते, कळ जाते. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि वय ही याची मुख्य कारणं आहेत.

वैद्यकाच्या पुस्तकात याचं नाव 'इंटरमिटंट क्लॉडिकेशन' असं आहे. थांबून थांबून लंगडणं, असा त्याचा साधा अर्थ. लॅटिनमध्ये 'क्लॉडिकारे' म्हणजे लंगडणं. आणि हा आजार वैद्यकात पहिल्यांदा नीट नोंदवला गेला तो माणसात नव्हे, घोड्यात. १८३१ साली फ्रान्समध्ये बुले नावाच्या पशुवैद्याने अशा घोड्याची हकिगत लिहिली, जो थोडं अंतर व्यवस्थित चालायचा, मग मागचे पाय लंगडायचे आणि विसावा मिळाला की पुन्हा ठीक व्हायचा. मांडीच्या धमन्या बंद झाल्या होत्या, हे त्याने दाखवलं. टांग्याच्या जमान्यात आपल्याकडेही कुणा टांगेवाल्याने असा घोडा पाहिला असेल आणि तो आळशी आहे असं समजून चाबूक ओढला असेल.

पुढे लंडनचे शल्यचिकित्सक बेंजामिन ब्रॉडी यांनी १८४६ मध्ये माणसातल्या अशाच दुखण्याचं वर्णन केलं. १८५८ मध्ये पॅरिसचे झाँ-मार्तां शार्को यांनी एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. त्याला पूर्वी गोळी लागली होती आणि पायाकडे जाणारी मोठी धमनी त्या जखमेपायी निकामी झाली होती. चालताना पाय दुखायचा, थांबलं की बरं वाटायचं. शार्को पुढे मेंदूच्या आजारांचे जगप्रसिद्ध तज्ज्ञ झाले, पण इथे त्यांनी पशुवैद्यांच्या लिखाणाचा आधार घेतला. माणसांच्या डॉक्टरने घोड्याच्या डॉक्टरकडून शिकायला कमीपणा मानला नाही, ही गोष्ट मला शिक्षक म्हणून फार आवडते.

मग येतात जर्मनीतल्या हायडेलबर्गचे विल्हेल्म एर्ब. हे तेच गाव, जिथे १९०७ साली इक्बाल जर्मन शिकायला राहिले होते. एर्ब यांनी १८९८ मध्ये या आजारावर सविस्तर लिहिलं. या रुग्णांना व्यायामाचा फायदा होऊ शकतो, हे सुचवण्याचं पहिलं श्रेय साधारणपणे त्यांनाच दिलं जातं. १९११ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट समोर आणली. या रुग्णांमध्ये तंबाखू ओढणाऱ्यांचं, त्यातही खूप ओढणाऱ्यांचं प्रमाण फार मोठं होतं. फुप्फुसाचा कर्करोग आणि सिगारेट यांचा संबंध सिद्ध व्हायला अजून जवळपास चाळीस वर्षं होती. पायाने तंबाखूची साक्ष त्याच्या कितीतरी आधी दिली होती.

बिडी आणि एक गैरसमज

याच काळात न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात लिओ बर्गर काम करत होते. १९०८ मध्ये त्यांनी कापाव्या लागलेल्या ११ पायांचा अभ्यास करून एका वेगळ्या आजाराचं वर्णन केलं. तो आज 'बर्गरचा आजार' म्हणून ओळखला जातो. यात चरबीचा थर नसतो. तरुण वयातच हातापायांच्या लहान-मध्यम रक्तवाहिन्या सुजतात आणि गुठळ्यांनी बंद होतात. बर्गर यांचे रुग्ण मुख्यतः पूर्व युरोपातून आलेले गरीब ज्यू होते, म्हणून हा ज्यूंचाच आजार आहे असं बराच काळ मानलं गेलं. पुढे तो जगभर सापडला. धर्म आणि वंश कोणताही असो, समान धागा तंबाखूचा होता. एखाद्या आजाराला एखाद्या समाजाचं नाव चिकटवण्याची घाई किती जुनी आहे, हे यातून कळतं.

भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त दिसतो आणि इथे त्याचं नातं बिडीशी आहे. सोलापूर आणि सिन्नर ही नावं बिडीकामासाठी आपल्याला माहीतच आहेत. सूप मांडीवर घेऊन तेंदूपानं वळणाऱ्या बायकांच्या मेहनतीवर घरं चालली. तीच बिडी ओढणाऱ्या तरुणाच्या पायाचं बोट काळं पडलं. दोन्ही गोष्टी एकाच गरिबीच्या आहेत. बर्गरच्या आजारात तंबाखू पूर्णपणे सोडणं हाच उपचाराचा पाया आहे. 'कमी केली' हे उत्तर तिथे चालत नाही. मिश्री आणि गुटख्यालाही हाच नियम. पुढे मी चालण्याच्या ज्या पाहण्या सांगणार आहे, त्या मुख्यतः चरबीच्या थराने धमनी अरुंद झालेल्या रुग्णांवर झाल्या, हे इथेच स्पष्ट करतो.

विसाव्याचा जमाना आणि कोपनहेगनचे १४ रुग्ण

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागात वैद्यकाचा विसाव्यावर मोठा विश्वास होता. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला आठवडेच्या आठवडे पलंगावर पडून ठेवत. १९५२ मध्ये अमेरिकेत सॅम्युअल लीव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांनी अशा रुग्णांना नुसतं आरामखुर्चीत बसवावं असं मांडलं, तेही तेव्हा धाडस होतं. १९५३ मध्ये लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी दुमजली बसवरचे चालक आणि वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा दिवसभर जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. गाडी तीच, खातं तेच. फरक एवढाच की एकाचं काम बसून होतं आणि दुसऱ्याचं पायांवर.

पायाच्या दुखण्यात खरी कसोटी लागली १९६६ साली. कोपनहेगनचे लार्सन आणि लासेन या दोन डॉक्टरांनी 'लॅन्सेट' मध्ये एक छोटी पाहणी छापली. रुग्ण फक्त १४. सात जणांना रोज ठरवून चालायला लावलं. उरलेल्या सात जणांना औषध म्हणून निरुपद्रवी गोळ्या दिल्या. सहा महिन्यांनी चालणाऱ्यांची चालण्याची ताकद ठळकपणे वाढली होती, गोळ्या खाणाऱ्यांची नाही. या आजारात व्यायामाची चिठ्ठ्या टाकून केलेली ही पहिली कसोटी मानली जाते.

गंमत अशी की चालणाऱ्यांच्या पायातला रक्ताचा प्रवाह मोजला तेव्हा तो फारसा वाढलेला दिसला नाही. नळी तेवढीच अरुंद होती, तरी माणूस जास्त चालत होता. मग बदललं काय? नंतरच्या संशोधनातून उत्तराचे तुकडे मिळत गेले. मिळेल तेवढ्या प्राणवायूत काम भागवायला स्नायू शिकतो. रक्तवाहिन्यांचं अस्तर जास्त चांगलं काम करू लागतं. चाल सुधारते, त्याच अंतराला कमी शक्ती लागते. धंदा तेवढाच असताना घर नीट चालवणाऱ्या बाईसारखं हे आहे. मिळकत वाढत नाही, पण महिना निभावतो.

नळ दुरुस्त करण्याची घाई

मग हा उपाय घरोघरी का पोचला नाही? कारण त्याच काळात दुसरा, जास्त दिमाखदार रस्ता उघडला होता. १९४८ मध्ये पॅरिसमध्ये झाँ कुन्लँ यांनी रुग्णाचीच शीर वापरून मांडीतली बंद धमनी ओलांडणारी बायपास केली. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका बाईच्या पायाची धमनी नळी सरकवून आतूनच उघडली. पाय कापायला त्या बाईंनी नकार दिला होता आणि त्यांचा पाय वाचला. १९७४ मध्ये झ्युरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंत्सिग यांनी फुग्याची पद्धत आणली. आज ज्याला आपण अँजिओप्लास्टी म्हणतो, तिची सुरुवात हृदयात नव्हे तर पायात झाली, हे फार थोड्यांना माहीत असतं.

या शोधांचं मोल मोठं आहे. ज्याचा पाय काळा पडू लागलाय, त्याला चालायचा सल्ला देणं म्हणजे जुलूम. तिथे शस्त्रक्रिया किंवा अँजिओप्लास्टीच पाय वाचवते. प्रश्न त्यांचा आहे, ज्यांचा पाय फक्त चालताना दुखतो. तिथेही नळ तुंबलाय, नळ उघडा, हे समजायला सोपं जातं. चालायला लावणं कंटाळवाणं आहे. त्याचं उद्घाटन होत नाही, त्याचा फोटो छापून येत नाही.

तरी पुरावे साठत गेले. १९८८ मध्ये एडिनबरोच्या एडवर्ड हाउस्ली यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' मध्ये या आजाराचा उपचार पाच इंग्रजी शब्दांत बसवला. सिगारेट सोडा आणि चालत राहा, हा त्याचा मतलब. १९९५ मध्ये गार्डनर आणि पोलमन या अमेरिकी संशोधकांनी तोवरच्या २१ पाहण्या एकत्र केल्या. व्यायामाच्या कार्यक्रमानंतर कळ सुरू होण्याआधीचं अंतर सरासरी १७९ टक्क्यांनी आणि जास्तीत जास्त चालता येणारं अंतर १२२ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. म्हणजे जो १०० मीटरवर थांबायचा, तो पावणेतीनशेच्या आसपास पोचला. सर्वांत जास्त फायदा कुणाला झाला? जे एका वेळी अर्ध्या तासाहून जास्त, आठवड्यातून किमान तीनदा, जवळजवळ सहन होईल तेवढी कळ येईपर्यंत चालले आणि ज्यांनी हे सहा महिने चालवलं, त्यांना.

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका पाहणीत ओटीपोटातल्या मोठ्या धमनीत अडथळा असलेल्या १११ रुग्णांचे गट केले गेले. एका गटाला फक्त औषधं, दुसऱ्याला औषधं आणि स्टेंट, तिसऱ्याला औषधं आणि देखरेखीखाली व्यायाम. सहा महिन्यांनी ट्रेडमिलवर चालण्याची वेळ औषधवाल्यांची सरासरी १.२ मिनिटांनी वाढली, स्टेंटवाल्यांची ३.७ मिनिटांनी आणि व्यायामवाल्यांची ५.८ मिनिटांनी. दुसरी बाजूही सांगतो. नेदरलँड्समध्ये २१२ रुग्णांवर झालेली आणि २०१५ मध्ये छापलेली पाहणी म्हणते की अँजिओप्लास्टी आणि देखरेखीचा व्यायाम दोन्ही मिळून दिलं, तर वर्षभराने नुसत्या व्यायामापेक्षा जास्त फायदा दिसतो. पण तिथेही नुसत्या व्यायामाच्या गटाचं अंतर २८५ मीटरवरून १,२४० मीटरवर गेलं होतं. पाव किलोमीटरवरून सव्वा किलोमीटर! एवढ्यात घरून मशीद, मशिदीतून बाजार आणि बाजारातून पुन्हा घर, असा आपल्याकडच्या गावातला फेरा पुरा होतो.

'चाला' म्हणणं आणि चालवून घेणं

इथे आपण मूळ मुद्द्यावर येतो. चालल्याने फायदा होतो, तर डॉक्टरांनी 'रोज चालत जा' म्हटलं की झालं, नाही का?

आमच्या शाळेतून निवृत्त झालेले एक सर मला एकदा म्हणाले, 'डॉक्टरसाहेबांनी सांगितलं, चाला. किती चालू? दुखलं तर थांबू की चालू? थांबलो तर पुन्हा कधी उठू? हे कोण सांगणार?' त्यांचे तिन्ही प्रश्न अगदी बरोबर होते आणि संशोधनाने नेमके हेच प्रश्न तपासले आहेत.

२०१८ मध्ये छापलेल्या एका आढाव्यात २१ पाहण्या आणि सुमारे १,४०० रुग्ण होते. ज्यांना फक्त चालण्याचा सल्ला मिळाला, त्यांच्यापेक्षा देखरेखीखाली व्यायाम करणारे तीन महिन्यांत सुमारे २१० मीटर जास्त चालू शकले. घरी ठरवून दिलेला कार्यक्रम करणाऱ्यांपेक्षाही ते सुमारे १२० मीटर पुढे होते. त्याच वर्षी अमेरिकेतली आणखी एक पाहणी आली. २०० रुग्णांपैकी काहींना मनगटावर बांधायचं पावलं मोजणारं यंत्र दिलं आणि फोनवरून मार्गदर्शन केलं. नऊ महिन्यांनी चालण्यात काही सुधारणा दिसली नाही. याउलट त्याआधी, २०१३ मध्ये, शिकागोतल्या १९४ रुग्णांच्या पाहणीत एका गटाला आठवड्यातून एकदा एकत्र बोलावलं. चर्चा व्हायची, अडचणी मांडल्या जायच्या, सोबत चालणं व्हायचं आणि बाकीचे दिवस घरी चालायचं. सहा महिन्यांनी सहा मिनिटांत चालून होणारं त्यांचं अंतर सुमारे ३५७ मीटरवरून ४०० मीटरवर गेलं. दुसऱ्या गटाचं अंतर उलट थोडं घटलं.

२०२१ मधल्या एका पाहणीने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. कळ येणार नाही इतक्या आरामात चालणाऱ्यांना वर्षभर चालूनही फायदा झाला नाही. कळ येईल इतक्या जोरात चालणाऱ्यांना झाला. हे सगळे रुग्ण घरीच चालत होते आणि त्यांना फोनवरून मार्गदर्शन होतं. म्हणजे घरचा सराव वाया जात नाही, पण तो कसा करायचा हे कुणीतरी नीट शिकवलेलं असावं लागतं.

हे वाचताना मला बीएडचे सराव पाठ आठवले. वर्गात मागच्या बाकावर निरीक्षण वही घेऊन बसलेले सर किंवा मॅडम. फळा कसा पुसला, प्रश्न कुणाला विचारला, कोणत्या मुलाकडे पाठ केली, सगळं लिहून ठेवत. त्या वेळी ती वही जाचक वाटायची. पण अध्यापनाची पुस्तकं घरी वाचून कुणी शिक्षक झालेला मी पाहिलेला नाही. गृहपाठ आणि वर्ग यांतला फरक प्रत्येक शिक्षकाला माहीत असतो. पाय दुखत असताना पुढचं पाऊल टाकायचं असेल, तर बाजूला असा कुणीतरी लागतो जो म्हणेल, 'ही कळ धोक्याची नाही, अजून वीस पावलं, मग बसू.' घाबरलेल्या माणसाला हे स्वतःचं स्वतःला सांगता येत नाही.

आपल्या भाषांनी ही गोष्ट एका शब्दात साठवून ठेवली आहे, रियाज. मराठीत तो गाण्याचा सराव. उर्दूत रियाज आहे आणि रियाजतही आहे, म्हणजे मेहनतीची साधना. दोन्हींचं मूळ अरबी 'रियाजा' कडे जातं आणि आजच्या अरबीत त्याचा अर्थ व्यायाम, खेळ. पण त्या धातूचा जुना अर्थ आहे शिंगराला चालीवर आणणं, म्हणजे घोड्याला शिकवून तयार करणं. शिंगरू स्वतः स्वतःला शिकवत नाही. लगाम धरून कुणीतरी त्याच्या बरोबर चालतं. गाण्याच्या रियाजालाही उस्ताद लागतो. सूर उतरला की तो मान हलवतो, आणि शागिर्द पुन्हा 'सा' लावतो.

इब्ने सीना यांच्या 'कानून' या ग्रंथात, अकराव्या शतकाच्या सुरुवातीला, आरोग्य राखण्याच्या भागात रियाजाला मानाचं स्थान आहे. बेताचा आणि वेळेवर केलेला व्यायाम माणसाला कितीतरी औषधांपासून वाचवतो, असा त्यांचा विचार आहे. युनानी हकीम आजही उपचाराच्या पद्धतींत रियाजत मोजतात. पण म्हणून इब्ने सीनांनी पोटरीतल्या या गोळ्याचा इलाज हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवला होता, असं मी म्हणणार नाही. तो खोटा अभिमान होईल. धमनीचा अडथळा ओळखणं, १४ रुग्णांचे दोन गट पाडणं, अंतर मोजणं, हे नंतरच्या लोकांचं काम आहे आणि श्रेय त्यांचंच. आपल्याला फक्त एवढंच सांगायचं आहे की ही कल्पना आपल्याला परकी वाटण्याचं कारण नाही.

आता आपलं काय?

ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१२ पासून अशा रुग्णांना देखरेखीखालच्या व्यायामाचा कार्यक्रम द्यावा असं सांगितलं आहे. आठवड्याला दोन तास, तीन महिने. अमेरिकेत वृद्धांच्या सरकारी विम्याने २०१७ पासून १२ आठवड्यांत ३६ सत्रांचा खर्च मान्य केला. आमच्यासारख्या जिल्ह्याच्या गावात मात्र अँजिओप्लास्टीचे फलक दिसतात, चालायला शिकवणारा वर्ग दिसत नाही. यासाठी महागडं यंत्र लागतं असंही नाही. सपाट जागा, घड्याळ, बसायला बाक आणि समजावून घेतलेला एक फिजिओथेरपिस्ट किंवा परिचारिका, एवढ्यावर सुरुवात होते.

पद्धत साधी आहे. तीन ते पाच मिनिटांत बऱ्यापैकी कळ येईल अशा वेगाने चालायचं. कळ चांगलीच वाढली की थांबायचं, पूर्ण जाईपर्यंत बसायचं, मग पुन्हा उठायचं. विसाव्यासकट सुरुवातीला अर्धा तास, पुढे वाढवत पाऊण ते एक तास. आठवड्यातून तीन दिवस आणि किमान १२ आठवडे. अंतर वहीत लिहायचं. महिन्याने मागचं पान उलटून पाहिलं की माणसाला स्वतःची प्रगती दिसते. ज्या मुलाला आपली प्रगती दिसते, ते मूल शाळा सोडत नाही, हा माझा अनुभव आहे.

पण त्याआधी तपासणी हवीच. पाय कमरेच्या नसेमुळेही दुखतो, गुडघ्यामुळेही दुखतो. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात. ते ०.९० किंवा त्याहून कमी आलं तर धमनीत अडथळा आहे असं धरतात. तपासणी बिनदुखीची आणि थोड्या वेळात होणारी आहे. याच आजाराच्या माणसांना हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोकाही जास्त असतो, म्हणून हृदय तपासल्याशिवाय जोराचं चालणं सुरू करू नये आणि डॉक्टरांनी दिलेली औषधं चालण्याच्या भरवशावर बंद करू नयेत. रात्री पडल्या पडल्या पाय दुखत असेल, जखम भरत नसेल, बोट निळं-काळं पडत असेल किंवा पाय अचानक थंड आणि पांढरा पडला असेल, तर एक दिवसही न घालवता डॉक्टर गाठावा. पायात संवेदना कमी असलेल्या मधुमेहींनी रोज तळवे पाहावेत आणि अनवाणी चालू नये.

मला सर्वांत जास्त काळजी आपल्या घरांतल्या बायकांची वाटते. पुरुष निदान मशिदीच्या निमित्ताने बाहेर पडतो. खाला, फुफी, आजी यांचं चालणं स्वयंपाकघर ते अंगण एवढंच राहतं. मुळात त्या इतकं कमी चालतात की कळ यायलाही संधी मिळत नाही. आजार कळतो तो थेट न भरणाऱ्या जखमेतून. त्यांच्यासाठी सुरक्षित जागा आणि सोबत हे दोन्ही हवं.

मोहल्ल्यातल्या उर्दू शाळांची मैदानं संध्याकाळी रिकामी असतात. फाटक आहे, भिंत आहे, बाक आहेत, पाणी आहे. शाळा समित्यांनी आठवड्यातून तीन संध्याकाळी तासभर ते फाटक उघडं ठेवावं, मोहल्ल्यातल्या डॉक्टरांनी आधी तपासून नावं द्यावीत, जवळच्या एखाद्या फिजिओथेरपिस्टने पहिले काही आठवडे यावं आणि नंतर शिकलेल्यांनी नव्यांना सोबत करावी. बायकांची वेळ वेगळी ठेवावी. आमच्या शाळेच्या पुढच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. तोवर आपल्या घरात कुणी चालता चालता पानटपरीपाशी थांबत असेल, तर 'बसा' म्हणण्याआधी एकदा विचारावं, पोटरी दुखते का? आणि हो म्हटलं, तर त्यांना तपासायला घेऊन जावं.